मीटरची ओटी

१३ नोव्हेंबर १९९८, शुक्रवार, सकाळ. ठिकाण: आक्कांच्या डंकाची पडवी. हजर: मी; डंकाच्या मालकीण, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई आक्का; समोरच्या किराणा दुकानदाराच्या आई, ज्यांना सगळी गल्ली अव्वा म्हणते; विजेच्या ऑफिसचे मीटर रीडर; निरांजनाचं ताट घेऊन आलेल्या गल्लीतल्या तिघीचौघी. गैरहजर: मीटर.

ही हजेरी मी त्याच दुपारी लिहून ठेवली, कारण पुढं ऑफिसात कोण होतं आणि कोण काय म्हणालं याची विचारणा होणार हे मला दिसत होतं. शेवटचा शब्द चेष्टेनं लिहिलेला नाही. मीटर खरंच कुठं दिसत नव्हतं.

आधी डंकाविषयी. डंक म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. मोटर सुरू झाली की लोखंडी मुसळं आळीपाळीनं उखळात आपटतात आणि भाजलेल्या मसाल्यासकट मिरची कुटून निघते. आमच्याकडं वर्षाची चटणी एकदाच होते, माघापासून ज्येष्ठापर्यंत. त्या दिवसांत आक्कांच्या पडवीत बायका पातेली घेऊन ओळीनं बसलेल्या असत. प्रत्येकीचा डोळा आपापल्या मिरचीवर, शेजारणीची चिमूट आपल्यात पडू नये म्हणून. पदर नाकाला बांधलेला, तरी सगळ्या शिंकत असायच्या आणि शिंकता शिंकता घरातलं सगळं एकमेकींना सांगायच्या. मृगाचा पाऊस आला की डंक बंद. पुढचे सात-आठ महिने त्या यंत्राला कुणी हात लावत नाही. आक्कांचं वर्ष त्या चार महिन्यांवर चालायचं. भाऊजी इचलकरंजीत यंत्रमागावर पाळी करत, तिथंच खोली घेऊन राहत, सुट्टीला येत. त्यांच्या पगारात त्यांची खोली आणि खाणावळ भागायची. घर डंकावर होतं.

हंगाम संपला की आक्का दोन गोष्टी करायच्या. एक, डंकाच्या वेगळ्या मीटरचा फ्यूज काढून तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. दोन, डंकाची ओटी भरायच्या. सासरी निघालेल्या लेकीची भरावी तशी: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, काचेच्या बांगड्या. चार महिने घर चालवलं, आता विश्रांती घे, परत ये, असा त्याचा अर्थ. त्यांच्या सासूबाई जात्याची भरायच्या, आक्का डंकाची भरू लागल्या.

त्या साली ओटी भरून झाली आणि दुसऱ्याच दिवशी आक्का शिरोळला लेकीकडं गेल्या. दुसरं बाळंतपण होतं आणि लेकीच्या सासरी करणारं कुणी नव्हतं. मग नदी फुगली, रस्ते बंद झाले, बाळ अशक्त निघालं, गौरी-गणपती तिकडंच झाले. दसरा करून त्या परतल्या तेव्हा दाराच्या फटीतून आत सरकवलेली डंकाच्या विजेची बिलं उंबऱ्याजवळ पडली होती. शेवटच्या बिलाला नोटीस टाचलेली: नोव्हेंबरअखेर भरा, नाहीतर जोडणी तोडली जाईल.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात उभ्या. मी शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क, त्यामुळं घरातले सगळे कागद शेवटी माझ्या टेबलावर येतात. आक्कांनी पिशवीतून बिलं काढली नाहीत. आधी फ्यूज काढला आणि टेबलावर ठेवला. त्याला अजून तांदळाची पावडर लागलेली होती.

"हे बघ. हे माझ्याजवळ हाय. मग वीज जाळली कुणी?"

मी बिलं लावून घेतली. जुलैचं बिल मे महिन्याइतकं होतं. मला वाटलं मेचंच बिल पुन्हा छापून आलंय. ऑगस्टचंही तेवढंच. सप्टेंबरचंही. ऑक्टोबरचं त्याहून मोठं. यंत्र झाकलेलं, फ्यूज डब्यात, घराला कुलूप, मालकीण शिरोळात पुरात अडकलेली, आणि बिल ऐन मिरचीच्या हंगामाचं. मी आकडे खालून वर आणि वरून खाली वाचले. काहीच बदललं नाही.

मी शक्यता लिहून काढल्या. कुणी वायर टाकून वीज चोरतंय. दुसऱ्याचं बिल आपल्याकडं आलंय. मीटर बिघडलंय. ऑफिसची चूक आहे. या क्रमानं एकेक खोडायची ठरवली. भाऊजी सुट्टीला आले तेव्हा पत्र्यावर चढून सगळीकडं बघून आले, वायर नव्हती. नव्या बिलांवरचा मीटरचा नंबर जुन्या बिलांशी ताडला, तोच होता. मीटर तपासायला अर्ज लागतो, म्हणून आधी ऑफिस.

खिडकीवरच्या बाबूंनी बिलं पाहिली आणि न थांबता सांगितलं की ही सरासरी आहे. रीडिंग मिळालं नाही की आधीच्या तीन रीडिंगांची सरासरी लागते. आधीची तीन रीडिंगं म्हणजे एप्रिल, मे आणि जून. म्हणजे पावसाळ्याचं मोजमाप उन्हाळ्यावरून. त्यात न भरलेल्या बिलांची थकबाकी आणि व्याज मिळवलं की ऑक्टोबर. हे सगळं त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी खिडकीची जाळी धरून उभी होते. एका बाईचा वर्षाचा घास तिच्या बंद यंत्राच्या नावावर खर्ची पडत होता आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं.

रीडिंग का मिळालं नाही, हे विचारल्यावर त्यांनी बिलावरचा आकडा दाखवला. रीडिंग न मिळण्याच्या कारणांची छापील यादी असते, त्यात या आकड्याचा अर्थ कुलूप.

"कुलूप?" आक्का म्हणाल्या. "मीटर भाईर हाय. पडवीत, भिंतीला. त्याला दार न्हाय की कुलूप न्हाय."

"मग रीडरला विचारा. तेरा तारखेला तुमच्या गल्लीत येतो."

घरी जाताना बसमध्ये आक्का एकच गोष्ट सांगत राहिल्या. जोडणी एकदा तोडली की नव्या जोडणीला वर्ष लागतं, त्यांच्या माहितीतल्या एका गिरणीवाल्याला लागलं होतं. तोवर हंगाम जाईल. बायका थांबणार नाहीत. पलीकडच्या चौकात नवी दळणयंत्रं आलीत, मिरची तिकडं जाईल आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. मी म्हणाले, आक्का, तेरा तारखेला मी येते. रीडर येईल तेव्हा दोघी पडवीतच बसू.

तर तेरा तारीख. मी शाळेतून अर्धी रजा काढली आणि पहिल्या बसनं गेले. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच जात होते. गल्लीच्या वळणावरून पडवी दिसली आणि मला वाटलं मी चुकीच्या घरासमोर उभी आहे.

भिंतीवर देवी होती. हिरव्या खणात गुंडाळलेली, कुंकवाचे थरावर थर बसलेली. हिरव्या बांगड्या, सुकलेल्या आणि ताज्या झेंडूच्या माळा. खालच्या कोनाड्यात नारळ, तांदूळ, विझलेल्या वातींची काजळी. पायरीवर पाणी घालून घालून शेवाळ धरलेलं. आणि मधोमध, खणाला चिकटवलेले चांदीचे दोन डोळे.

"आक्का, मीटर कुठाय?"

"ते काय," आक्कांनी डोळ्यांकडं बोट केलं.

मीटरची काच जिथं असते, बरोबर तिथं ते डोळे होते. मी पायरीवर बसले. 

आक्कांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. जूनमध्ये ओटी भरली त्या दिवशी पाऊस तिरका आला, पडवीत झड येऊ लागली, मीटरची फळी भिजायला लागली. त्यांनी ओटीतलाच खण घेऊन मीटरला गच्च गुंडाळला, नारळ कोनाड्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शिरोळची बस पकडली. परत आल्या तेव्हा हळदकुंकू आणि फुलं बघून त्यांना वाटलं, बायकांनी आपल्या डंकाचा मान ठेवला. आनंदच झाला त्यांना. ऑफिसात कुलूप हा शब्द निघाल्यावर आम्ही दोघी कुलूपच शोधत राहिलो.

एवढ्यात अव्वा ताट घेऊन आल्या. त्या घरात कन्नड बोलतात, बाहेर सणसणीत कोल्हापुरी. मला त्यांनी ओळखलं नाही.

"पावणं, चपला तिकडं काढा. देवीम्होरं बसलाय."

मी चपला काढल्या. दुसरं काय करणार?

मग रीडर आले. सायकल लांब लावली, चपला काढल्या, पायरीजवळ येऊन हात जोडले, कपाळाला अंगठा लावला. नंतर बगलेतला तक्ता काढून काहीतरी लिहिलं आणि वळले. मी त्यांच्या आडवी गेले आणि काय लिहिलं ते विचारलं.

"कुलूप."

"कुलूप कुठं आहे?"

ते माझ्याकडं, मग देवीकडं, मग पुन्हा माझ्याकडं बघत राहिले. "ताई, देवीवरचा खण मी वडून काढू व्हय? आमच्यात न्हाय चालत. ऑगस्टला आलतो तवा हितं आरती चाललीती. त्याच्या आदी आषाढात तर पोरींनी डोक्यावरनं नव्या पाण्याच्या घागरी आणल्या, वाजवत, आन हितं पाणी घातलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"पाणी? मीटरवर?"

"पायरीवर, ताई. पर उडालंच की."

नदीचं नवं पाणी आषाढात देवीला घालायचं हे मला ठाऊक होतं. मीही लहानपणी घागर घेऊन गेले आहे. पण ते विजेच्या मीटरपुढं घातलं जातंय, लहान मुली ओल्या पायांनी तिथं उभ्या आहेत, हे डोळ्यांपुढं आलं. फ्यूज काढला तरी मीटरपर्यंत वीज येतेच. कुणाला काही झालं नाही, याचाच मला धक्का जास्त बसला.

अव्वांनी ताट खाली ठेवलं होतं. "मीटर? कसलं मीटर?"

आक्कांनी सांगितलं. हळूच सांगितलं, पण सांगितलं. अव्वांचा चेहरा मी आजही विसरलेली नाही. आधी त्यांना वाटलं आम्ही थट्टा करतोय. मग त्या खणाजवळ गेल्या, बोटानं दाबून पाहिलं, आत टणक लागलं, आणि हात झटकन मागं घेतला.

"आमाला वाटलं, जाताना तू देवी बसवून गेलीस. म्हंजे चार म्हैनं मी विजेच्या डबड्याला निवद दावला?"

 त्यांच्यामागं उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

मला वाटलं, झालं, आता खण काढायचा आणि रीडिंग घ्यायचं. मी पुढं झाले तशा अव्वा आडव्या आल्या. त्यांच्या सुनेला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. अव्वांनी आषाढात याच पायरीवर नवस बोलला आणि नवरात्रात सुनेला दिवस गेल्याचं कळलं. चांदीचे डोळे त्यांनीच आणून लावले होते. "खाली डबडं असंल न्हाईतर धोंडा. नवस फेडल्याबिगर खण हलवायचा न्हाय. माझ्या सुनंला काय झालं तर तू येणार हाईस?"

 माझ्या यादीत हा मुद्दाच नव्हता. रीडर सायकलीकडं सरकायला लागले होते. ते गेले असते तर पुढचं रीडिंग डिसेंबरात, आणि नोटिशीची मुदत महिनाअखेर. एका बाजूला आक्कांचा डंक, दुसऱ्या बाजूला अव्वांचं होणारं नातवंड. दोघींचे डोळे माझ्यावर, जणू मी न्यायनिवाड्याला आले होते.

वाट काढली ती आक्कांनी. त्या अव्वांच्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अव्वा, ही ओटी मी भरलीया. देवीच्या नावानंच भरलीया, खाली काय बी असूंदे. खण देवीचा हाय, मीटरचा न्हाय. तो असा भिंतीवर कुजवण्यापरास तुमच्या सुनंच्या ओटीत घालूया. बोलवा तिला."

 अव्वांनी दुकानाकडं तोंड करून सुनेला हाक मारली. ती हात पुसत आली, तिला काही माहीत नव्हतं. आक्कांनी पडवीत पाट टाकला. खणाची गाठ भिजून सुकून घट्ट झाली होती, ती सोडायला दोघी लागल्या. नारळ आत गोटा होऊन वाजत होता. आक्कांनी सुनेच्या ओटीत खण, नारळ आणि डब्यातले नवे तांदूळ घातले. अव्वांनी चांदीचे डोळे काढून कनवटीला लावले आणि अट घातली: कोनाडा हलवायचा नाही, तिथं एक फूल राहील. आक्का हो म्हणाल्या.

मग सगळे मीटरकडं वळले. काचेवर कुंकवाचं तेलकट किटण. रीडरनी आपल्या रुमालानं पुसलं. त्यांनी आकडा वाचला, मग तक्त्याची मागची पानं उलटून जूनचा आकडा काढला. दोन्ही मोठ्यानं म्हणून दाखवले. एकच होते. शेवटचा अंकसुद्धा हलला नव्हता.

सगळं माहीत असूनही मी हादरले. पाच महिने विजेचा एक कणही वापरला गेला नव्हता आणि त्याबद्दल एका घराचा हंगाम कापायला माणसं निघाली होती.  शेवटी "कुलूप" खोडून रीडरनी आकडा लिहिला.

सोमवारी आम्ही ऑफिसात. हजर: मी, आक्का, रीडर, साहेब. साहेबांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की मीटर झाकणं हा ग्राहकाचा दोष आहे, त्यामुळं सरासरी कायम राहील. मी बिलं त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "तुमच्या बिलावर झाकलेलं असं कुठंच नाही. कुलूप आहे. बाहेर तुमच्याच फलकावर लिहिलंय की लागोपाठ दोनदा कुलूप दिसलं तर ग्राहकाला आधी पत्र द्यायचं. पत्र आलेलं नाही. आणि कुलूप नव्हतंच म्हणाल, तर मग बिलं चुकीची आहेत. दोन्हींपैकी तक्रारीत काय लिहू ते सांगा."

साहेब रीडरकडं वळले. कुलूप का लिहिलंस, असं त्यांनी बऱ्याच चढ्या आवाजात विचारलं. रीडरनी तक्ता साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, छापील यादीत देवीचा आकडा न्हाय."

 साहेबांनी खुलासा मागितला आणि रीडरनी सगळं सांगितलं, नवरात्र, आरती, डोळे. घागरींपर्यंत आल्यावर साहेब खुर्चीवरून उठलेच. मीटरपुढं पाणी ओततात हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. त्यानंतर त्यांच्या बोलण्यातला ताठा गेला. मला वाटतं त्या क्षणी त्यांनाही त्या मुली दिसल्या.

आदेश तिथंच लिहून मिळाला. जुनी बिलं रद्द, रीडिंगप्रमाणे नुसता ठरावीक आकार, नोटीस मागं. रीडरवर शेरा नाही, ते मी निघताना मुद्दाम विचारून घेतलं. आणि खाली एक अट: ग्राहकानं मीटरला काचेची खिडकी असलेली पत्र्याची पेटी करून घ्यावी व तिच्यावर ठळक अक्षरांत "मीटर" असं लिहावं. ते दिसलं नाही आणि पुन्हा रीडिंग चुकलं, तर सरासरी लागेल आणि तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

बाहेर आल्यावर आक्का पायऱ्यांवर थांबल्या. मला वाटलं त्यांना बरं वाटत असेल. त्या म्हणाल्या, "आपण हितं आलोच नसतो तर?"  रस्ता ओलांडून आम्ही बसस्टॉप गाठला.

पेटी आठवड्यात झाली. माघात फ्यूज तांदळातून बाहेर आला, डंक सुरू झाला, बायका पातेली घेऊन ओळीनं बसल्या. हंगाम संपता संपता अव्वांना नात झाली. चांदीचे डोळे कोनाड्यात परत आले, पेटीच्या खाली. पेटीवरही हळूहळू कुंकू लागायला लागलं. मी अव्वांना सांगितलं की खिडकीवर तेवढं लावू नका, आणि त्यांनी ते पाळलं. आता त्या नाहीत, त्यांची सून पाळते. मधल्या काळात मीटर बदललं, आकडे फिरणारं जाऊन चमकणारं आलं, रीडर बदलले. नवा रीडरही चपला काढतो. आक्का दर महिन्याच्या तेरा तारखेला सकाळपासून पडवीत बसून असतात आणि तो आला की पेटीवरची माळ हातानं बाजूला धरतात. एकाही महिन्याचं रीडिंग चुकलेलं नाही.

अक्षरं मात्र अजून लिहून व्हायची आहेत. पहिला पेंटर आला तेव्हा मंगळवार होता, पेटीवर नुकतंच हळदकुंकू वाहिलेलं होतं, तो हात जोडून परत गेला. दुसऱ्यानं देवीवर मीटर लिहायला नकार दिला, पाहिजे तर भिंतीवर लिहितो म्हणाला, पण अटीत पेटी लिहिलंय. मी एकदा स्वतः ब्रश घेऊन उभी राहिले, तर अव्वांची सून लेकीला मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली होती. त्या पोरीपुढं मला जमलं नाही. काळ्या रंगाचा डबा आक्कांच्या माळ्यावर आहे. वरची साय फोडून ढवळला तर अजून चालेल.

पेटीवर "मीटर" लिहून घेणे. बाकी.